खाली धरलेला पंख

बिल्ला माझ्या हातात पडला तेव्हा गाडी हलायला लागली होती.

धाकटा भाऊ सुट्टी संपवून नोकरीवर परत चालला होता. भुसावळकडून येणारी ती गाडी आमच्या सुरतेच्या उधन्याला थांबते कमी आणि थांबल्यासारखं जास्त करते, म्हणून मी भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा बांधून आधीच फलाटावर जाऊन उभी होते. पुडकं त्यानं खिडकीतून आत ओढून घेतलं आणि त्याच खिडकीतून तळहाताएवढा एक जुना कापडाचा तुकडा माझ्या मुठीत कोंबला. म्हणाला, ताई, असे पाहिजेत, पुढच्या सुट्टीहून जाताना उतरून घेऊन जाईन.

मी गाडीबरोबर चालत विचारलं, "अरे, पण हे पाखरू कोणतं?"

"ओळख," तो म्हणाला आणि हसला. मग त्याचा डबा पुढे गेला.

फलाटावर आम्ही जे बोलायचं ते कधीच बोलत नाही. आईचे गुडघे, पाऊसपाणी, मामाकडची सोयरीक, एवढ्यात गाडी सुटते. त्या दिवशी तो एक वाक्य जास्त बोलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मग मला जे कळलं तेही कळलं नसतं, म्हणून मी त्या गाडीला बोल लावत नाही.

प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या, नाहीतर त्याच्याही पुढच्या वर्षीची ही गोष्ट. घाबरून गावाकडे पळालेले सगळे परतले होते, लूम पुन्हा खडखडत होते आणि आमच्या ओळीतल्या बंद खोल्यांची कुलपं एकेक करून निघाली होती. माझं लग्न होऊन मी सुरतेला आले त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. हे पलसाण्याला एका प्रोसेस हाऊसमध्ये होते, रंगाच्या खात्यात. यांचे हात कोपरापर्यंत ज्या रंगाचे असतील त्यावरून पुढच्या महिन्यात बाजारात कोणत्या साड्या येणार हे आमच्या ओळीला आधी कळायचं. बिल्ल्याच्या दिवसांत हे हिरवे होते.

मी शाळा सातवीत सोडली. गावात शाळा तेवढीच होती आणि पुढची नदीपलीकडे. मुलीला नदी ओलांडू द्यायची नाही असं घरात ठरलं. दोन वर्षांनी भावाला ओलांडू दिली, आणि तो तिथून जो गेला तो थेट हवाई दलातच जाऊन पोचला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण तो पहिल्यांदा वर्दी घालून घरी आला तेव्हा सगळ्यांच्या देखत आधी माझ्या पाया पडला, मग आईच्या. त्यानंतर ते वाईट वाटणं मी कधीमधी शोधायला जाते, पण सापडत नाही.

बिल्ल्यामागची हकीकत त्यानं त्याच सुट्टीवर गावी जाताना माझ्याकडे उतरला होता तेव्हा सांगितली होती. त्याच्या स्क्वाड्रनचा मोठा वाढदिवस येत होता. जुने बिल्ले मशीनवर भरलेले, दोन धुण्यांत त्यांचे धागे सुटायचे. जेवणाच्या वेळी कुणीतरी कुरकुर केली, आणि हा, जो चार माणसांत मीठ मागायला लाजतो, तो बोलून बसला की माझी बहीण सुरतेला कसबाचं, म्हणजे जरीच्या तारेचं भरतकाम करते, ती हातानं बनवून देईल. त्याचे एक वरिष्ठ होते, निवृत्तीला आलेले, पांढऱ्या मिशीचे. त्या स्क्वाड्रनमध्ये त्यांच्याइतकं जुनं कुणी नव्हतं. ते म्हणाले, अरे, सुरतेत साड्या होतात, बिल्ले नाही होत. सगळे हसले, आणि त्या दिवसापासून भावाला तिथे 'साडीवाला' म्हणायला लागले. तो हे हसत सांगत होता, पण कान लाल झाले होते. लहानपणापासून त्याचं खरं काय ते कानांवरून कळतं.

म्हणजे मला काही बिल्ले करायचे नव्हते. मला भावाचा शब्द राखायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्या जिवावर कुणाला काही कबूल केलं होतं, आणि त्या धास्तीनं मला फलाटावरून घरी येईपर्यंत तो तुकडा नीट बघवलासुद्धा नाही.

आमच्या ओळीत शेवटच्या खोलीत मावशी राहायची. चोपड्याकडची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर तिनं एका गुजराती घरी धुणीभांडी करता करता त्यांच्या माडीवर चालणारं खाटलीचं काम बघून बघून उचललं होतं. खाटली म्हणजे चार लाकडांची चौकट. तिच्यावर कापड ढोलासारखं ताणून बांधायचं आणि भोवती बसून आरीनं, म्हणजे आकड्याच्या सुईनं, कसबाचा तार वर ओढत भरत जायचं. मावशीच्या पुढच्या खोलीत खाटली मांडली की पाय ठेवायला जागा उरत नसे. मी नवी आले तेव्हा मला गावाची आठवण येऊन दुपारी रडू फुटायचं. मावशीनं मला बोलावून हातात आरी दिली आणि सांगितलं, रडायचं तर कापडापासून लांब बसून रड, पाण्यानं कसब काळं पडतं. त्या एका वाक्यावर मी त्या शहरात टिकले. कुणी समजूत काढली असती तर कदाचित परत गेले असते.

मावशीचा एक मोठा मान होता. तिच्या हातचं कधी उसवावं लागत नाही. काम देणाऱ्या शेठचा माणूस बाकी बायांचं काम उजेडाला धरून बघायचा, मावशीचं नुसतं घडी करून पिशवीत टाकायचा.

तिनं बिल्ला दारात उजेडाला धरला. गडद निळी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, गोल कड, मधोमध उंच पायांचं एक पाखरू. त्याचा एक पंख वर, दुसरा खाली पसरून जमिनीला टेकलेला. जमिनीवर बारीक गोल ठिपके. सगळं विटलेलं, धागे ओढले गेलेले. ओळीतल्या बाया जमल्या आणि पाखरावर पैजा लागल्या. कुणी बगळा म्हणालं, कुणी घार. एकजण म्हणाली, कोंबडी दिसते, सरकारी असेल.

मी पैज लावली नाही, कारण मला ते ओळखू आलं होतं. उघड्या जमिनीवर खड्यांत खड्यांसारखी अंडी घालणारी, झाडावर कधी न बसणारी एकच. आमच्याकडे ती रात्री घरावरून ओरडत गेली तर बाया थुंकतात आणि तिच्या चोचीत खडा पडो म्हणतात, कारण ती ज्या घरावरून जाते तिथलं कुणीतरी जातं असा समज. तीच टिटवी भावाच्या छातीवर. आणि वर तिचा पंख मोडलेला. शेवटी बाया उठून गेल्यावर मी मावशीच्या कानाशी सांगितलं.

मावशीनं बिल्ला पुन्हा उचलला, अंगठ्यानं तो खालचा पंख चोळला, उलटून मागचे टाके बघितले. म्हणाली, मशीनचं काम आहे, धुण्यात ताणलं जाऊन पंख ओघळलाय. आम्ही ते रोज बघत होतो. साडीवरच्या मोराची मान तिसऱ्या धुण्याला पडते. शिवाय साडीच्या कामाचा पहिला कायदाच असा की डावं-उजवं एकासारखं पाहिजे. नसेल तर माल परत. त्यामुळे तिचं म्हणणं मला पटलं, म्हणजे पटवून घ्यायला मी तयारच होते. पण मग थोडं थांबून ती जे म्हणाली ते काही कामातलं नव्हतं.

"टिटवी तर टिटवी. पण निदान धड असू दे. भावाच्या छातीवर लंगडं पाखरू कोण काढतं, माय?"

तिनं पेन्सिलीनं कागदावर पाखरू उतरवलं, दुसरा पंख पहिल्यासारखाच वर नेला, आणि रेघांवरून टाचणीनं भोकं पाडली. तो कागद बनातीवर ठेवून रॉकेलात कालवलेली पांढरी पूड फिरवली की नक्षी खाली उतरते. पहिला छाप उठला आणि दोन्ही पंख उंच केलेलं ते पाखरू बघून मला इतकं हलकं वाटलं की मी घरी जाऊन गोडाचा शिरा केला. यांनी विचारलं, काय आहे आज? मी म्हटलं, काही नाही.

कसब आणायला मी शहरात गेले तेव्हा दुकानदारानं निळ्या बनातीचा नमुना बघून विचारलं, "बेन, बेंडवाळा माटे छे?" मी त्याला सांगितलं, वाजंत्रीवाल्यांसाठी नाही, लष्करासाठी. त्यानं मला वरून खाली बघितलं, मग आतल्या कपाटातून खरं रुपेरी कसब काढलं आणि वर एक रीळ पैसे न घेता पिशवीत टाकलं. म्हणाला, जवान आपल्यासाठी असतात. त्या शहरानं माझ्याशी असं पुष्कळदा केलं आहे.

मी, मावशी आणि ओळीतल्या आणखी दोघी, अशा आम्ही चौघी बसायचो. साडीचं काम आटोपलं की दुपारी बिल्ले. शेवटचा झाला तेव्हा मावशीनं सगळे ओळीनं चटईवर मांडले, आणि कधी कौतुक न करणारी ती बाई म्हणाली, चांगले झालेत.

पुढच्या सुट्टीहून परत जाताना भाऊ ठरल्याप्रमाणे सकाळच्या गाडीनं उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारची पुढची गाडी होती. तो आला त्या दिवशी लाईटचा आठवड्याचा सुट्टीवार, वीज नाही, लूम बंद, हेही घरी. हातपाय धुतल्याबरोबर त्यानं बिल्ले मागितले. मी पिशवी उघडली. पहिला त्यानं हातावर घेतला आणि म्हणाला, ताई, हे तर देव्हाऱ्यात ठेवण्यासारखं झालंय. मग दुसरा घेतला, मग तिसरा. मग पिशवीतला नमुन्याचा जुना बिल्ला बघितला. चहा खाली ठेवला.

मी विचारलं, रंग चुकला का? नाही म्हणाला. आकार? नाही. छान झालेत, खूप छान झालेत. कान बघितले तर लाल. मी त्याला म्हटलं, खरं सांग, तुला आईची शपथ. त्यानं नव्या बिल्ल्यावर दुसऱ्या पंखाला बोट लावलं. मी घाईघाईनं सांगितलं की जुना ओघळला होता, आम्ही सरळ केला, मोडका पंख तुझ्या छातीवर नको म्हणून.

तो घरच्या बोलीत बोलायला लागला. मन लावून काही सांगायचं असलं की तो तसंच बोलतो.

"मोडेल नही शे ना, ताई. मोडेल दखाडस ती."

मोडलेला नाही. मोडल्याचं दाखवते.

मग त्यानं सांगितलं. टिटवीची अंडी उघड्यावर. कोल्हा म्हणा, कुत्रं म्हणा, जवळ यायला लागलं की ती अंड्यांवरून उठते, त्याच्या समोर जाऊन पडते आणि एक पंख जमिनीवर ओढत ओरडत लांब लांब सरकते. आयती शिकार दिसल्यावर अंड्यांकडे कोण बघतं? ते तिच्यामागे लागतं. ती हाताशी आल्यासारखी वाटते आणि येत नाही. अंडी पुरेशी मागे पडली की दोन्ही पंख उघडून सरळ वर. त्यांचं स्क्वाड्रन हेलिकॉप्टरचं. डोंगरात, सरहद्दीला, कुणी जखमी होऊन पडलं की उचलून आणायचं. एक हेलिकॉप्टर खाली उतरतं तेव्हा दुसरं मुद्दाम उघड्यावर, खालून, सावकाश फिरत राहतं. बघणाऱ्याची नजर आपल्यावर यावी म्हणून. आणि नजरेबरोबर आणखी जे काही येईल तेही. तो खाली टेकलेला पंख म्हणजे सगळा बिल्ला. बाकी नुसतं पाखरू.

"आणि दोन्ही वर असले की?" मी विचारलं.

"मग ती अंडी टाकून पळालेली टिटवी," तो म्हणाला.

हे आतापर्यंत भिंतीला टेकून ऐकत होते, ते सरळ बसले. मी मात्र दुसरंच ऐकत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की भाऊ जमिनीवर उभा राहून पाने फिरवतो, नटबोल्ट आवळतो, आणि दुसरी माणसं उडतात. आईला तर त्यानं सांगितलं होतं की ऑफिसात काम आहे, पंखा आहे.

मी म्हटलं, "त्या दुसऱ्यात तू असतोस?"

त्यानं चहावरची साय बोटानं बाजूला केली. "कधी कधी. आईला सांगू नको."

मी नाही सांगितलं. आई गेली तोवर तिच्या लेखी तो पंख्याखालीच बसलेला होता.

भावानं बिल्ले परत पिशवीत घातले. म्हणाला, तयार झाले नाहीत असं सांगतो. साडीवाला तर साडीवाला, त्याची सवय झालीय. पण हे घेऊन त्या म्हाताऱ्यासमोर उभा राहू शकत नाही. त्यांनी त्या दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये आयुष्य काढलंय.

मी पिशवी उचलली आणि त्याला म्हटलं, चल.

मावशी दारात मेथी निवडत होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं की पंख उसवावे लागतील. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, माझ्या हातचं उसवत नाही, सगळ्या लाईनीला माहीत आहे, आणि तुझ्या भावाला पाहिजे असेल तर नवे करून घे दुसरीकडून. ती रागावली तर मला त्या शहरात दुसरं माहेर नव्हतं. आणि ती कबूल झाली नाही तर माझ्या एकटीच्या हातानं उद्या दुपारपर्यंत ते होणार नव्हतं.

भाऊ उंबऱ्याशी मांडी घालून बसला. मेथीची एक जुडी त्यानं आपल्याकडे ओढली आणि निवडता निवडता तिला तीच गोष्ट सांगितली. घाई केली नाही. कोल्हा सांगितला, अंडी सांगितली, जमिनीवर ओढलेला पंख सांगितला. मावशीचे हात चालत होते. मग एका काडीवर थांबले.

म्हणाली, लहानपणी ती शेळ्या राखायची. एकदा माळावर अशीच एक टिटवी समोर येऊन पडली, लंगडत, पंख ओढत. घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती, तिला वाटलं धरून न्यावी. हात घातला की टिटवी चार पावलं पुढे. पुन्हा घातला, पुन्हा पुढे. अशी पाटाच्या काठापर्यंत गेली आणि तिथून ती मेली भुर्रकन उडाली. मागे वळून बघते तर शेळ्या दुसऱ्याच्या हरभऱ्यात. बापानं ओल्या फोकानं मारलं. तिला वाटत राहिलं की लंगडं पाखरूसुद्धा आपल्याला धरता आलं नाही. तिथे अंडी होती हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं पिशवीतला एक बिल्ला काढला, शेजारी भावाचा जुना ठेवला. दोन्हींकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. मावशीला इतकं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

"माय वं," ती म्हणाली, "मेलीनं पुन्हा फसवलं. तेव्हा धरायला धावले, आता बरं करायला धावले."

भाऊही हसला. आणि मग मलाही दिसलं. कापडावरची ती टिटवी, धुऊन विटलेली, तिनं सुद्धा आपलं काम चोख केलं होतं. पंख पाडून दाखवला आणि आम्ही चौघी शहाण्या बाया त्या पंखामागे धावत गेलो. खालचे ठिपके अंडी आहेत आणि ती कुणापासून तरी राखायची आहेत, हे आमच्या मनात आलंच नाही.

"कातर आण," मावशी मला म्हणाली. "आणि त्या दोघींना हाक मार. सांग, मावशीचं उसवायचंय. बघायला तरी येतील."

आल्याच. बघायला आणखीही आल्या. लाईट नव्हती, म्हणून दार-खिडक्या उघडून आम्ही उंबऱ्यापर्यंत पसरलो. कसब उसवणं हे भरण्याहून नाजूक. तार ओढला तर बनातीचा केस निघतो, म्हणून मागून एकेक टाका कापायचा आणि पुढून चिमट्यानं उचलायचा. भाऊ म्हणाला, मला द्या. बाया फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, फौजी सुई धरतोय, आता सीमेवर आपण जाऊ. पण त्याची बोटं इतकी हलकी चालली की हसणं आपोआप थांबलं. तिकडे इंजिनाचा बोल्ट सुटू नये म्हणून बारीक तारेला पीळ घालायचं काम तो रोज करतो, असं त्यानं सांगितलं. मावशीनं त्याचं काम उजेडाला धरून बघितलं आणि घडी करून ठेवलं. हा किती मोठा मान आहे ते त्याला कळलं नाही, मला कळलं.

यांना बिल्ल्याला हात लावायची बंदी होती, हिरव्या हातांमुळे. चहा करा, म्हणून मावशीनं सांगितलं. पण उसवलेल्या पंखाच्या जागी टाक्यांची भोकं राहायला लागली आणि सगळ्यांचे चेहरे पडले, तेव्हा चुलीपाशी बसलेले हे म्हणाले, बनात म्हणजे लोकरच ना, वाफेवर धरा. रोज वाफेत काम करणारा माणूस. मग मावशीनंच यांच्या हातांना धुतलेलं धोतर गुंडाळलं, आणि चहाच्या किटलीच्या तोटीसमोर हे एकेक बिल्ला धरत बसले, लहान बाळ शेकल्यासारखे. लोकर फुगायची आणि भोकं मिटायची. पुरती मिटत नव्हती. तिरप्या उजेडात धरलं तर जुन्या पंखाच्या जागी भोकाभोकांची एक पुसट रेघ दिसायची.

त्या खालच्या जागी मावशीनं दुसरा पंख भरायला घेतला. जमिनीला टेकलेला, पिसं पसरलेली. पहिला तिनं एकटीनं पुरा केला, मग आम्हाला सांगितलं, असं. दुसऱ्या दिवशी सकाळी यांना कामाला जायचं होतं, कडोदऱ्याच्या नाक्यावरून मिलची बस जायची. त्यांनी खाडा केला. म्हणाले, आजच्या साड्या उद्या हिरव्या होतील. मी अजून यांना त्याबद्दल काही म्हटलेलं नाही. आमच्यात तसं म्हणत नाहीत. इथे लिहिते आहे, वाचतील.

गाडीच्या वेळेआधी शेवटचा बिल्ला वाफेवरून उतरला. मावशी त्या पुसट रेघेवर नखानं घासत राहिली होती. तिला ते बोचत होतं. तिच्या हातचं उसवलं, आणि उसवलं ते दिसतंय. भाऊ तिच्या पाया पडला तर म्हणाली, त्या मिशीवाल्याला सांग, साडीवाल्या बायांनी केलंय, जास्त जवळून बघू नको.

फलाटावर या वेळी आईचे गुडघे नाहीत, पाऊसपाणीही नाही. मला विचारायचं होतं, कधी कधी म्हणजे किती वेळा? विचारलं नाही. भाकरीचं पुडकं त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या मनगटाला धरून राहिले. गाडी हलली तशी सोडलं.

त्यानंतरचे दिवस मी काढले कसे ते आता आठवतही नाही. टिटवीच्या अंड्यांचं स्वप्न पडायचं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे फोन होता. त्याचा पोरगा ओळीत हाक मारत आला की प्रत्येक वेळी मी दारापर्यंत धावायचे, आणि फोन दुसऱ्याच कुणाचा असायचा. मग एका रविवारी माझा निघाला. मी चपला न घालता गेले.

भाऊ लांबून, खरखरीत आवाजात बोलत होता. कार्यक्रम झाला. बिल्ले वाटले. पांढऱ्या मिशीवाल्यांनी आपला हातात घेतला, चष्मा लावला, खालच्या पंखावरून अंगठा फिरवला. मग अंगठा वर गेला. तिथे थांबला. खिडकीपाशी जाऊन त्यांनी बिल्ला तिरपा धरला आणि विचारलं, इथे आधी काही होतं का रे? भाऊ म्हणाला, मला खोटं बोलता येईना. सगळं सांगितलं. बायांनी पंख वर केला होता, मोडका पंख भावाच्या छातीवर नको म्हणून. मग उसवला.

"मग?" मी विचारलं. किराणावाला गूळ तोलायचा थांबला होता.

भावानं त्यांचं वाक्य आहे तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर केलंय. तिला तो वर करता येतो, म्हणूनच तर ती खाली धरते. आमच्या बिल्ल्यात इतकी वर्षं तेवढंच दिसत नव्हतं."

आणि त्यांनी तो बिल्ला निवृत्तीच्या दिवशी छातीवरून काढला नाही, घरी नेला, असं पुढे भावाकडून कळलं. साडीवाला हे नाव मात्र राहिलं. आता ते मायेनं हाक मारायचं नाव झालं होतं.

मी ते वाक्य घेऊन सरळ मावशीकडे गेले. ती खाटलीवर वाकली होती, साडीचा मोर चालला होता. मी सांगितलं. तिनं तार तोडला, गाठ मारली, आरी कापडात खोचून ठेवली. म्हणाली, "म्हणजे उसवलेलं वाया नाही गेलं." आणि जरा सरकून तिनं मला शेजारी बसायला जागा केली.

एक बिल्ला माझ्याकडे आहे. भावानंच मागाहून दिला. तो पुढे पुष्कळ वर्षं उडत राहिला आणि मी पुष्कळ वर्षं किराणावाल्याच्या पोराच्या हाकेला दचकत राहिले, ते काही बिल्ल्यानं थांबलं नाही. पण अशा वेळी मी पेटीतून तो काढायचे आणि अंगठ्यानं चाचपायचे. खालचा पंख भरीव, हाताला लगेच लागतो. वरचा हळू शोधावा लागतो. तिथे कसब नाही, नुसती मिटलेली भोकं, पण अंगठा थांबतो त्या जागी तो असतो.